फरसनाम्यातील लीद आणि घोड्याच्या आतड्याचा अबोल आजार

घोड्याच्या वैद्याला अरबीत 'बैतार' म्हणतात आणि हा शब्द मुळात ग्रीक आहे. उर्दूत त्यालाच 'सलोतरी' म्हणतात. हा शब्द सरळ शालिहोत्र मुनींच्या नावावरून आला. दख्खनच्या तबेल्यांत ही दोन्ही घराणी एकत्र नांदली. बहमनी सुलतान अहमदशाह वली (कारकीर्द १४२२ ते १४३६) याच्या आज्ञेवरून अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्राचा फारसी तर्जुमा केला. पुढे शाहजहानच्या काळातही असा तर्जुमा झाला, आणि १७८८ मध्ये कलकत्त्याला जोसेफ अर्ल्स याने सलोतरीविद्या इंग्रजीत आणली. रेख्तीसाठी नाव (आणि बदनामीही) कमावलेल्या सआदत यार खान रंगीन याने उर्दूत पद्यमय फरसनामा लिहिला, ही गोष्ट उर्दूच्या कित्येक पदवीधरांच्याही कानावर आलेली नसते. कर्नल फिलॉट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये प्रसिद्ध केले.

या ग्रंथांत रंग, भोवरे, शुभाशुभ लक्षणे यांना भरपूर जागा दिलेली असते. तेवढ्यावरून सारी विद्याच अंधश्रद्धा ठरवणारे एका टोकाला, तर आधुनिक पशुवैद्यकात जे जे आहे ते सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे म्हणणारे दुसऱ्या टोकाला. दोन्ही दावे घाईचे आहेत. त्यांची पारख करायला घोड्याच्या आतड्याचा जुनाट दाह हा आजार फार उपयोगी पडतो.

या आजारात आतड्याच्या भिंतीत दाहपेशी साचतात, भिंत जाड होते आणि अन्नरस शोषला जात नाही. घोडा दाणावैरण नेहमीसारखी खातो, तरी महिन्यामहिन्याने वाळत जातो. केस निस्तेज होतात, अधूनमधून पोटशूळ उठतो. रक्तातील अल्ब्युमिन आतड्यावाटे झिरपून गेल्यामुळे पोटाखाली व पायांवर सूज उतरते. सलोतऱ्याची सारी मदार बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर होती : कूस, डोळा, कातडी आणि मुख्य म्हणजे लीद. आणि नेमकी लीदच येथे दगा देते. घोड्याचे लहान आतडे वीस मीटरांहून लांब असते. त्यानंतर अंधांत्र आणि मोठे आतडे येते, आणि तेथे पाणी इतके शोषले जाते की लहान आतडे पार बिघडले तरी लीद बांधलेलीच पडते. जुलाब होतात ते बहुधा मोठ्या आतड्यापर्यंत दाह पोचल्यावर. म्हणजे कुशल सलोतऱ्याने लीद पाहून 'पोट ठीक आहे' असे म्हटले असते, तर तो अडाणी ठरत नाही. त्याच्या साधनाची धाव तेवढीच होती.

फ्रान्समधील लियों येथे १७६२ मध्ये पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले आणि शरीररचनेच्या अभ्यासाला रीतसर स्थान मिळाले. आपल्याकडे पुण्याला १८६२ मध्ये लष्करी शाळा निघाली, मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मधले. गंमत अशी की इंग्रजांच्या रिसाल्यातही देशी मदतनिसाचे नाव 'सलोतरी' असेच राहिले. तरीही हा आजार वेगळा ओळखला जायला विसावे शतक बरेच सरावे लागले. माणसातील अशाच आजाराचे वर्णन क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये केले. घोड्यातील गाठीयुक्त आंत्रदाहावरील सिम्प्रिच यांचा निबंध १९७४ चा. वाळलेला घोडा कामाचा नाही म्हणून काढून टाकण्याचीच रीत असल्यावर त्याचे आतडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणार कोण?

त्याच सुमारास निदानाची दिशाही बदलली. लीद काय सांगते यापेक्षा आतडे काय शोषते, हे मोजायला सुरुवात झाली. रॉबर्ट्स आणि हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यासाठी ग्लुकोज-चाचणीची पद्धत मांडली. घोड्याला रात्रभर उपाशी ठेवून नाकातून नळीने दर किलो वजनामागे एक ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देतात, मग ठरावीक वेळांनी रक्त तपासतात. दोन तासांत साखर मूळ पातळीच्या ८५ टक्क्यांहून अधिक वाढली तर शोषण ठीक, १५ टक्क्यांहूनही कमी वाढली तर शोषण जवळजवळ बंद. मधल्या आकड्यांचा अर्थ लावताना आजही मतभेद होतात. झायलोज या शर्करेची चाचणीही याच धर्तीची आहे.

त्याआधी जंत आणि दात ही साधी कारणे वगळावी लागतात, आणि येथे आधुनिक वैद्य सलोतऱ्याच्याच वाटेने चालतो. मग सोनोग्राफीत आतड्याची जाडी पाहतात. लहान आतड्याची भिंत तीन-चार मिलिमीटरांपलीकडे गेली की संशय बळावतो. तीन मीटरांची दुर्बीण जेमतेम जठर ओलांडून लहान आतड्याच्या आरंभापर्यंत जाते. मागच्या बाजूने गुदाशयातून चिमूटभर ऊतक काढता येते, पण दाह त्या जागी नसेल तर ते निर्दोष निघते. पोट उघडून भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा घेतला तर खात्री होते, मात्र आधीच खंगलेल्या घोड्याला ती शस्त्रक्रिया जड जाते. म्हणून पुष्कळदा वैद्य संशयावरच स्टेरॉइड सुरू करतो. काही घोडे सावरतात, आणि बाकीच्यांचे पक्के निदान मेल्यावरच होते.