झिजलेला कंट्रोल
आजोबांच्या रेडिओचे व्हॉल्व्ह शाबूत निघाले. अडलं ते आवाजाच्या कंट्रोलपाशी. बटण फिरवलं की नुसती खरखर. लॅमिंग्टन रोडवर ५०० किलो-ओमचे कंट्रोल मिळाले, पण रेडिओला ‘लॉग’ जातीचा हवा. कानाला आवाजाची वाढ पटीत कळते. ‘लिनियर’ बसवला तर बटण जरासं वळताच घर दणाणतं. लॉग मिळाला, तर त्याच्या पाठीला चालू-बंदचा स्विच नाही. स्विचवाला मिळाला, तर दांडा ६ मिलिमीटरचा. आमचं बॅकेलाइटचं बटण पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं.

जुना कंट्रोल उघडला. कार्बनची पट्टी फक्त सुरुवातीला झिजली होती, पुढे जवळजवळ कोरी. म्हणजे हा रेडिओ वर्षानुवर्षं हळू आवाजातच वाजला.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि सरकारी नभोवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली ‘विविध भारती’ हे त्यावरचं सरकारी उत्तर. सिनेसंगीताबद्दल आजोबांचं मत केसकरांसारखंच होतं. ते झोपले की वडील पेटीला कान लावून सिलोन ऐकत.

आमच्या घरात त्या काळाची नोंद एवढीच: पट्टीवरचा ओरखडा. नव्या दांड्याला पितळेच्या पत्र्याची पातळ गुंडाळी घालून बटण घट्ट बसवलं. खरखर गेली. जुना कंट्रोल मात्र टाकवला नाही. छोट्या डबीत घालून रेडिओशेजारी ठेवला आहे.