वाघ दगडात, घोडा बंदुकीत

पाचाडच्या वाटेने रायगड चढून आलेला माणूस नगारखान्यापाशी पोचतो तेव्हा त्याचे डोळे पलीकडच्या राजसदरेकडे लागलेले असतात, त्यामुळे दरवाज्यावरचा शरभ बहुधा बघायचाच राहतो. थांबून पाहण्याजोगा आहे तो. अंग सिंहाचे, जबडा वासलेला, आणि पंजात दाबलेला हत्ती इतका लहान की मांजराने उंदीर धरावा तसा वाटतो. दगड टणक, काळा, फोडायला कठीण. तरी पाथरवटाने भोवतालचा दगड खाली घेऊन प्राणी वर उचलला आहे. या कामाला उठावाचे काम म्हणतात. ज्या राज्याने आपल्या दारावर असा प्राणी बसवला, त्याच राज्याच्या बंदुकीवर मात्र तो दिसत नाही. मराठी मुलखातल्या ज्या तोड्याच्या बंदुका आज संग्रहालयांतून पाहायला मिळतात, त्यांतल्या बहुतेकींच्या नळ्या साध्या आहेत. फार तर मोहरीला वाघाचे किंवा मकराचे तोंड, मागच्या अंगाला थोडी वेलबुट्टी, एखादीवर सोन्याची कोफ्तगरी. रानातला सांबर, त्याच्या मागे लागलेले कुत्रे, झाडाआड दबा धरलेला वाघ असा अख्खा देखावा पोलादात कोरून काढण्याची रीत रायगडाभोवतीच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात रुजली नाही. का रुजली नाही, याचे उत्तर कारागिराच्या हातात शोधण्यापेक्षा आभाळात आणि बंदुकीच्या मालकीत शोधावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे काम असते कसे ते पाहू. पोलाद तापवून, सावकाश निववून मऊ करून घेतात. त्यावर प्राण्याची आकृती रेखतात आणि बारीक छिणीने रेषेच्या बाहेरच्या अंगाने चर पाडतात. मग आजूबाजूचा धातू कणाकणाने खाली उतरवत नेतात. प्राणी उंच राहिला की त्याला गोलाई द्यायची: खांदा फुगलेला, पोट आत गेलेले, मागचा पाय पुढच्या पायाच्या सावलीत. शेवटी केसांच्या रेघा. जमिनीवर बारीक ठशांनी टिंबे ठोकून ती खरखरीत करतात, म्हणजे गुळगुळीत अंगाचा प्राणी तिच्यावर उठून दिसतो. चूक झाली तर दुरुस्ती नाही. काढलेला धातू परत लावता येत नाही. सतराव्या शतकात बव्हेरियाच्या दरबारासाठी म्यूनिखमध्ये एमानुएल आणि डानिएल झाडेलर आणि त्यांच्यामागून कास्पर श्पेट यांनी हे काम शिखराला नेले. त्यांच्या बंदुकांवर निळसर झाक दिलेल्या लोखंडाचे प्राणी सोनेरी जमिनीवर उभे आहेत. श्पेट १६९१ मध्ये वारला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, तो हयात होता. तुलनेला काळाची अडचण नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्याकडे तेवढे कसबच नव्हते. या आक्षेपाला दोन ठिकाणांहून उत्तर मिळते. एक तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी मांडली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. त्या राजवाड्याच्या शस्त्रागारातले बरेचसे सामान आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. तिथल्या कट्यारी आणि हत्तीचे अंकुश पाहिले की पोलादातून याळी, मोर, हत्ती कसे उचलून काढता येतात ते कळते. त्यातले पुष्कळ काम नायक राजांच्या वेळचे, मराठ्यांना वारशाने आलेले, हे खरे. पण त्यामुळे भोसल्यांच्या घरात हे काम अनोळखी होते असे म्हणता येत नाही. दुसरे ठिकाण पुणे. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट याने जिवंत प्राणी समोर ठेवून काढला. चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आडनाव पाहा: तांबट, म्हणजे भांडी घडवणाऱ्यांच्या जातीतला माणूस. प्राणी न्याहाळणारा डोळा आणि धातू ओळखणारी जात एकाच माणसात आली होती, तरी तो गेंडा कागदावर उतरला, बंदुकीच्या लोखंडावर उतरला नाही. कागद मागणारा गिऱ्हाईक होता, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. लोखंड मागणारा नव्हता. हात होता, डोळा होता, मागणी नव्हती.

आता आभाळाकडे वळू. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले तर त्याहूनही कितीतरी जास्त. गुळगुळीत नळी तेलाच्या फडक्याने एका हातासरशी पुसून निघते. उठावाच्या कामात मात्र प्रत्येक पायाच्या मागे, प्रत्येक कानाच्या खाली एक खाच असते, आणि आषाढात त्या खाचेत ओल राहिली की श्रावणाच्या आत तांबेरा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावे, तोफांच्या कान्यांत मेण भरावे, वर आच्छादन घालावे, दारूला अधूनमधून ऊन दाखवावे, अशी ताकीद त्यात आहे. राज्य चालवणारा एवढा मोठा मुत्सद्दी कान्यातल्या मेणापर्यंत उतरतो, कारण या मुलखात लोखंडाचा पहिला शत्रू मोगल नव्हता, ओल होती. ज्यांना हत्यार वर्षातले चार महिने ओलीपासून वाचवायचे होते, ते त्याच्या अंगावर मुद्दाम खाचा पाडून का घेतील?

म्हणूनच प्राणी जिथे आहेत ते पदार्थ पाहण्यासारखे आहेत. दगडाला गंज नाही. पंचरस आणि पितळ हिरवे पडते, पण खात नाही. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली आणि आता विजापुरात असलेली मुलुखमैदान तोफ घ्या. तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा केला आहे आणि दातांत हत्ती सापडला आहे. रायगडाच्या शरभाचीच ही कल्पना, फक्त दगडाऐवजी धातूत. पण तो धातू कोरून काढलेला नाही, ओतलेला आहे. प्राण्याला आकार मिळाला तो आधी साच्यात, मऊ असताना, आणि धातू मागाहून आला. दांडपट्ट्याच्या खोबणीलाही कधी वाघाचे किंवा मकराचे मुख केलेले दिसते, म्हणजे हात कोपरापर्यंत प्राण्याच्या तोंडात जातो. तिथेही ते काम बहुधा ठोकून फुगवलेल्या पत्र्याचे किंवा पितळेचे असते. पात्याचे पोलाद मात्र मोकळे. यावर कोणी म्हणेल की पाऊस युरोपातही पडतो. पडतो, पण म्यूनिखच्या त्या बंदुका राजवाड्याच्या दालनात टांगलेल्या असायच्या. राजा शिकारीला निघाला तरच बाहेर यायच्या, आणि पुसायला नोकर असायचे. पोलादपूरच्या घाटात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची बंदूक त्याच्याबरोबर भिजत होती.

इथे मालकीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो पावसाहून जड आहे. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात घाटावरचे मावळे आणि कोकणातले हेटकरी यांत फरक केला आहे. हेटकऱ्यांचा नेमबाजीत हात धरणारा नव्हता. त्यांच्यापैकी काहींकडे आणि सावंतवाडीच्या शिपायांकडे तोड्याऐवजी गारेच्या चकमकीची बंदूक असल्याचे तो नोंदवतो आणि ती पोर्तुगीजांकडून आली असे सांगतो. कोरीव कामाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. तोड्याच्या बंदुकीला कोरायला सपाट जागा अशी थोडीच. लांब नळी, सडपातळ दस्ता, बाजूला पातळ पट्ट्या. गारेच्या बंदुकीला मात्र यंत्र झाकणारी जाड लोखंडी पाटी लागते, आणि युरोपातल्या कारागिरांनी आपले हरीण-कुत्रे प्रामुख्याने अशाच पाट्यांवर नाचवले. म्हणजे जागा कोकणात आली होती. तरी ती रिकामी राहिली, कारण बंदूक धरणारा हात आणि बंदुकीचा पैसा देणारा हात एक नव्हता. सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत राज्याचे अठरा कारखाने मोजले आहेत. त्यात तोफखाना, दारूखाना आणि हत्यारांचा जिरातखाना येतो. कारखान्यातून मिळणाऱ्या हत्याराची किंमत त्याच्या नेमावर आणि मोजदादीवर ठरते. आपल्या शेजारच्यापेक्षा आपली बंदूक वेगळी दिसावी ही हौस ज्याला परवडते तो दरबारी शिकारी. टिपू सुलतानाच्या बंदुकांवर आणि तोफांवर वाघ आहे, तो याच न्यायाने: एकाच माणसाचे चिन्ह, त्याच्याच कारखान्यात, त्याच्याच हुकमाने.

त्याच सभासदी यादीत शिकारखानाही आहे, तेव्हा दरबारात शिकार नव्हतीच असे म्हणता येणार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण शिकार असणे आणि शिकारीचे चित्र हत्यारावर मिरवणे या दोन गोष्टी आहेत. मोगल बादशहा आपली शिकार चित्रांतून, बंदुकांच्या नावांतून, हिशेबांतून नोंदवून ठेवत. रायगडाच्या दरबाराने आपला पराक्रम दारावरच्या शरभात सांगितला, आणि तो प्राणी कोणत्याही रानात सापडत नाही. ती डोळ्यांनी पाहिलेली शिकार नव्हे, सत्तेची कल्पना आहे. मकराचेही तसेच. महाडजवळ सावित्रीच्या पात्रात खऱ्या मगरी आजही उन्हात पडलेल्या दिसतात. पण बंदुकीच्या मोहरीवरचा मकर त्या मगरी पाहून केलेला नाही, तो देवळाच्या तोरणावरून खाली उतरला आहे.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे: असे काम होते, पण ते गेले. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगडावर मारा केला, गडावर आग लागली आणि किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणेच गुन्हा ठरवले. गाळलेले, विकलेले, विहिरीत टाकलेले लोखंड किती, कोण सांगणार? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो जास्तच सिद्ध करतो. आग आणि कायदा यांना साधी बंदूक आणि कोरलेली बंदूक असा भेद करता येत नाही, आणि लुटारू तर कोरलेलीच आधी उचलतो आणि जपतो. साधी टिकली आणि नक्षीदार तेवढी नेमकी नाहीशी झाली असे मानायला त्या आगीला फारच रसिक ठरवावे लागेल. तंजावरचे शस्त्रागारही मोडले, विखुरले गेले. तरी तिथले उठावाचे काम काचेच्या कपाटांत आहे. होते ते थोडेतरी उरते.

मग या मुलखात हत्यारात प्राणी नव्हताच का? होता, पण चित्र म्हणून नव्हे. पोलादपूरच्या डोक्यावर प्रतापगड. तिथे १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराजांच्या हातचे जे हत्यार गाजले त्याचे नावच वाघनख. याच ग्रँट डफकडून लंडनला गेलेली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती तीच का, याची ग्वाही लंडनचे संग्रहालयही देत नाही. पण वादाचा निकाल काहीही लागो, कल्पना स्वच्छ आहे: वाघाचे चित्र काढायचे नाही, वाघाची नखे बोटांत घालायची. त्याचा भाऊ बिचवा, विंचवाच्या नांगीसारखा वाकडा. आणि बंदूक तर नखशिखान्त जनावरांनी भरलेली आहे, फक्त ती कोरलेली नाहीत, बोललेली आहेत. नेम धरायचा तो नळीच्या टोकावरच्या माशीवर. ओढायचा तो घोडा. रंजक पेटते ती कानाशी. उंटावरची ती सुतरनाळ, हत्तीवरची गजनाळ, आणि जंबुरा या लहान तोफेच्या नावाच्या मुळाशी फारसीतली गांधीलमाशी. पोलादपूर या नावात पोलाद आहे म्हणून इथे लोहारांची मोठी परंपरा असावी असे काही जण म्हणतात. नावाचा पुरावा मानायचाच, तर तो मी या शब्दांच्या बाजूने मानीन.

आजही या तालुक्यांच्या डोंगरकडेला रानडुक्कर भाताच्या खाचरात उतरते, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कुणाच्या घरी ठासणीची बंदूक असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा अर्थच बदलला, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. खंडेनवमीला तिची पूजा होते: आधी तेलाचे फडके नळीवरून एका दमात फिरते, मग हळदीकुंकवाची दोन बोटे, आणि झेंडूचे फूल घोड्यात अडकवतात.