मुक्कामाचे पैसे कोणी भरले?

नाशिकच्या इंदिरानगरची ओळख धर्मशाळांची नाही. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, बोगद्यापलीकडे पसरलेली ही नोकरदारांची वसाहत. इथे पाहुणा येतो तो नातेवाइकाकडे. सिंहस्थ कुंभमेळा आला, की गावाकडच्या चुलत्यापासून सुनेच्या माहेरच्या मंडळींपर्यंत सगळ्यांना रामकुंडापासून पाच-सहा किलोमीटरवरचं हे घर आठवतं. हॉलमध्ये गाद्या पडतात, पहाटे बाथरूमपुढे नंबर लागतात. मुक्काम फुकट, महिनाअखेरीस किराण्याचं बिल भरणारा तेवढा वेगळा.

गोदाकाठच्या फुकट मुक्कामाची गोष्ट पूर्वापार अशीच आहे. यात्रेकरू भाडं देत नसे, कारण ते दुसऱ्या कोणीतरी आधीच दिलेलं असे किंवा तो स्वतःच वेगळ्या नावाने देत असे. पंचवटीतल्या क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यात उतरणाऱ्याला खोलीचा दर कोणी सांगत नसे. गाव, आडनाव सांगितलं की उपाध्ये नामावळीची वही काढत. आजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होतं, खाली सही कोणाची, सगळं त्यात सापडे. मग ओसरीवर पथारी, विहिरीचं पाणी, मागे चुलीला जागा. निघताना दक्षिणा, ऐपतीप्रमाणे. ऐपतीचा अंदाज उपाध्यांना वहीवरूनच आलेला असायचा, हा भाग अलाहिदा. रेल्वे सुरू झाल्यावर उपाध्यांची माणसं स्टेशनावरच यजमान गाठू लागली.

ज्याचा उपाध्या नाही, त्याला धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांपासून (मृत्यू 1795) मुंबईच्या भाटिया-गुजराती व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांनी तीर्थांच्या ठिकाणी हा खर्च पुण्याच्या खाती टाकला. जुन्या धर्मशाळेच्या भिंतीवरची संगमरवरी पाटी म्हणजे या व्यवहाराची पावतीच: अमक्याच्या स्मरणार्थ एक खोली, तमक्याच्या मातोश्रींच्या नावे ओवरी. साधारण तीन दिवस राहावं, शिधा आपला आणावा, जाताना जागा झाडून द्यावी, असा रिवाज.

सरकारही यात लवकरच शिरलं. 1867 च्या सराय कायद्याने प्रवाशांना उतरवून घेणाऱ्या जागांची नोंदणी सक्तीची केली. दरपत्रक कुठे आणि कोणत्या भाषेत लावायचं, हे जिल्हा दंडाधिकारी ठरवणार होता. म्हणजे पैसे घेऊन उतरवणारेही तेव्हा होतेच. सगळं काही पुण्यावर चालत होतं, ही आठवण नंतरच्या पिढ्यांनी जरा गोड करून घेतलेली दिसते.

आणि दार सगळ्यांना उघडं होतं असंही नाही. अनेक धर्मशाळांमध्ये जात विचारली जाई. ज्या पंचवटीत 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे अस्पृश्य यात्रेकरूने रात्री कुठे आडवं व्हायचं हा प्रश्न दर्शनाइतकाच खडतर होता. पैसे असूनही जागा नाही, ही महागाई कोणत्याच दरपत्रकात दिसत नाही. गाडगेबाबांच्या कामाचं मोल इथे कळतं. स्वतः फुटक्या गाडग्यात खाणाऱ्या या माणसाने नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

पुढे देणगीदार मागे सरला. दोनशे वर्षं टिकेल अशी इमारत दान करता येते. तिचं वीजबिल, नळपट्टी आणि रखवालदाराचा पगार दान करायला माणूस मिळत नाही. म्हणून धर्मशाळेचं भक्तनिवास झालं. काउंटर आलं, आधार कार्डाची झेरॉक्स आली, अनामत आणि चेक-आऊटची वेळ आली. पावतीवर शब्द मात्र बऱ्याच ठिकाणी ‘देणगी’ हाच राहिला.

त्यावर कर. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीला जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून तो 12 टक्के झाला. मंदिराच्या किंवा गुरुद्वाराच्या आवारातल्या, संस्थेने चालवलेल्या स्वस्त खोल्यांना सूट कायम आहे, हे अमृतसरच्या सरायांवरून वाद पेटल्यावर केंद्राला जाहीर करावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर 5 टक्क्यांवर आला. तोवर गावोगावच्या लॉजवाल्यांनी कर दरात मुरवून घेतलेला होता.

तंबूचं तर वेगळंच. जिथे राहायला छप्पर नाही तिथे तंबू, ही जुनी रीत. आता तंबू हीच हौस झाली आहे. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत धरणाकाठी तंबू लागतात, आणि मे-जूनच्या शनिवारचा दर मंगळवारच्या दरापेक्षा वेगळाच निघतो. 2025 च्या प्रयागराज कुंभात घुमटाकार खोल्यांचं एका रात्रीचं भाडं स्नानाच्या दिवशी लाखावर गेलं होतं. महिनाभर व्रतस्थ राहणारे कल्पवासी तिथून जवळच गवतावर झोपत होते.

नाशिकच्या सिंहस्थाचा खरा तळ मात्र तपोवनात पडतो. पेशवाईत शैव आणि वैष्णवांचा संघर्ष विकोपाला गेल्यावर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव रामकुंडावर, अशी स्नानाची विभागणी झाली. तेव्हापासून वैष्णवांचे खालसे, म्हणजे साधूंचे जथे, नाशकात उतरतात आणि दर बारा वर्षांनी साधुग्राम उभारावं लागतं: पत्र्याचे निवारे, नळ, शौचालयं, रस्ते, दिवे. साधूला भाडं नाही. पण महापालिकेची स्वतःची जमीन अपुरी, म्हणून 2015 च्या सिंहस्थातही शेतकऱ्यांच्या जमिनी भाड्याने घ्याव्या लागल्या. मोकळी जमीन आधीच आटत चालली होती: 1982 मध्ये महापालिका झाली, आसपासची गावं शहरात आली. शेतांवर वसाहती उठल्या आणि जागेचे भाव एकराऐवजी चौरस फुटात बोलले जाऊ लागले. 2026-27 च्या सिंहस्थासाठी साधुग्रामची जागा मोकळी करताना तपोवनातली झाडं तोडायची ठरली, तेव्हा 2025 च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले.

तपोवनातला शेतकरी आणखी वेगळा हिशेब मांडतो. साधुग्रामच्या आरक्षणामुळे जमिनीवर बांधकाम करता येत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. भाडं मिळतं ते मेळ्यापुरतं. मेळा उठला की खडी-मुरूम उपसून पुन्हा वाफे बांधायचे ते त्यालाच.