इरोक्वाय गावांचा विध्वंस

इरोक्वाय हा मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, केयुगा, सेनेका आणि पुढे सामील झालेली टस्करोरा अशा सहा जमातींचा, मुख्यतः आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या प्रदेशातील संघ होय. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो दुभंगला : ओनायडा व टस्करोरा बव्हंशी बंडखोर वसाहतींच्या, तर उरलेल्या चार जमाती मुख्यतः ब्रिटिशांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १७७८मध्ये वायोमिंग खोरे व चेरी व्हॅली येथील वसाहतींवर ब्रिटिशनिष्ठ आणि इरोक्वाय तुकड्यांनी हल्ले केल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३१ मे १७७९च्या लेखी आदेशाने जनरल जॉन सलिव्हन यांना शत्रुपक्षीय वस्त्या समूळ नष्ट करण्यास फर्मावले. २९ ऑगस्टच्या न्यूटाउनच्या लढाईनंतर प्रतिकार क्षीण झाला आणि सप्टेंबरअखेर चाळीसच्या आसपास गावे, त्यांतील धान्यसाठे, फळबागा आणि स्त्रियांनी पिकवलेली मका, घेवडा व भोपळ्याची उभी शेते जाळली वा तोडली गेली. प्राणहानी तुलनेने कमी झाली, तरी हजारो निर्वासितांना ब्रिटिशांच्या नायगारा किल्ल्याभोवती १७७९-८०चा अतिकडक हिवाळा उपासमारीत काढावा लागला. सीमेवरील हल्ले मात्र यामुळे थांबले नाहीत. १७८०मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १७८४च्या फोर्ट स्टॅनविक्स तहाने संघाच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण भूमीवरील हक्क संपुष्टात आणले.