जुनी जीप : घरच्या घरी दुरुस्ती आणि सुधारणा

विलीज कंपनीच्या आराखड्यावरून भारतात तयार झालेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपा मालकाने स्वतः दुरुस्त करणे, चालत्या ठेवणे आणि गरजेप्रमाणे सुधारणे, असे या कामाचे स्वरूप आहे. या नोंदीत मुख्यतः महिंद्राच्या सीजे-३बी आणि एमएम-५४० या गाड्यांचा विचार केला आहे. हे काम अंगणात जमते याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. स्वतंत्र लॅडर चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली पत्र्याची बॉडी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे आणि हात सहज पोहोचेल असे इंजिन. निदान करायला संगणक लागत नाही. पाने, जॅक, पुलर आणि धीर लागतो.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघाले. तिचे उंच बॉनेट दिखाव्यासाठी नव्हते. २.२ लिटरच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकायला बॉनेटही वर गेले. भारतात हा साचा अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकला. पुढे एमएम-५४० मध्ये २,११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन आले. त्याच घराण्यातल्या कमांडर जीपांनी पश्चिम महाराष्ट्रात वडापचा धंदा वर्षानुवर्षे ओढला. या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आणि जुन्या सामानाचे दुकानदार म्हणूनच आजही सापडतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि लेथ-बोअरिंगच्या कामासाठी कोल्हापूरचे उद्यमनगर ही त्यांची ओळखीची ठिकाणे.

जुनी जीप हाती आली की बहुतेकांचे पहिले पैसे मोठे टायर, बंपर आणि दिवे यांवर जातात. हा क्रम चुकीचा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे. बाकीचे सगळे त्यानंतर. याला तांत्रिक कारण आहे. प्रत्येक सुधारणा आपला ताण पुढच्या कमकुवत भागावर टाकते, आणि पन्नास वर्षांच्या गाडीत कमकुवत भाग भरपूर असतात.

सुरुवात ब्रेकपासून करावी. सीजे-३बीचे चारही ब्रेक ड्रमचे, आणि मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीच्याही खाली, चासीजवळ. तिथले ऑइल तपासायला फळीतले झाकण उघडावे लागते, म्हणून ते कोणी तपासत नाही. धूळ-पाणी आत जाते, सिलिंडरला आतून गंज धरतो, रबरी कप फाटतात. जुन्या मास्टर सिलिंडरचे सर्किट एकच असते. एका चाकाचा होज फुटला तर चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणे ही या गाडीवरची सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल. त्यासोबत होज नवे आणि गंजलेल्या नळ्याही नव्या असाव्यात. बोलेरोचे पुढचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर जुन्या जीपांवर बसवले जातात. मात्र त्यासाठी नकल, हब आणि रिम यांचा मेळ आधी पाहावा लागतो. ब्रेकचे ऑइल डब्यावर लिहिलेल्या दर्जाचेच वापरावे. इंजिनचे ऑइल त्यात चुकून पडले तर यंत्रणेतली सगळी रबरे फुगून निकामी होतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी. शेवटी हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी.

चाक काढण्याच्या आधीची एक गोष्ट. विलीज पद्धतीच्या अनेक जुन्या जीपांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर उभा राहून स्टड तोडतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. चासीखाली दोन्ही बाजूंना घोडी हवीच.

‘स्टिअरिंगला प्ले आलाय’ ही जुन्या जीपची सार्वत्रिक तक्रार. दोष बहुधा एका जागी नसतो. बॉक्समधला गिअर झिजलेला, मधला बेलक्रँक सैल, टाय-रॉडचे एंड ढिले, असे थोडे-थोडे सगळीकडून जमा झालेले असते. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून कोणत्या सांध्यात हालचाल हरवते ते पाहावे; खर्च न करता होणारे हे सर्वांत उपयोगी निदान आहे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकांना बंद गोळ्यासारखे नकल असतात. त्यांच्या आत क्रॉस किंवा सीव्ही जॉइंट, वर-खाली किंगपिनच्या बेअरिंगा आणि बाहेर नमद्याचे सील. सील गेले की ग्रीस बाहेर येते आणि चिखल आत जातो. किंगपिनचा घट्टपणा पातळ शिमांनी ठरतो. शिम कमी-जास्त झाल्या तर खड्ड्यानंतर चाके फडफडू लागतात, आणि मग लोक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात. नकल पुलरने उघडणे, गोळ्याचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढणे, शिम मोजून बसवणे हे एका शनिवार-रविवारचे काम आहे, आणि त्यानंतर गाडी चालवताना पडणारा फरक हाताला लगेच जाणवतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधले सील झिजले की एकातले तेल दुसऱ्यात उतरते. दोन्हींची पातळी म्हणूनच एकाच वेळी तपासावी. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोरिंगांना जीएल-५ प्रतीच्या तेलातली गंधकयुक्त द्रव्ये मानवत नाहीत. तिथे जीएल-४ योग्य. डिफरन्शियलला मात्र जीएल-५ चालते. नदी-ओढ्यातून गाडी नेल्यावर डिफरन्शियलचे ड्रेन बोल्ट उघडून पाहावे. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. कारण बहुधा बुजलेला ब्रीदर असतो: गरम हाउसिंग पाण्यात एकदम थंड होते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेली की प्रश्न मिटतो. एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा देणारी दुसरी सुधारणा क्वचितच सापडेल.

घाटात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे रुजलेली आहे. त्याने रोग जात नाही. थंड चालणारे इंजिन जास्त तेल पिते आणि लवकर झिजते. रेडिएटर रॉडिंग करून घ्यावा, कॅपचे रबर आणि फॅन बेल्टचा ताण पाहावा, ब्लॉकमध्ये साचलेला गंज धुऊन काढावा आणि पाण्यात कूलंट घालावे. डिझेल गाडी सकाळी चालू होत नसेल तर पंपाला हात लावण्याआधी ग्लो प्लगपर्यंत वीज पोहोचते का ते पाहावे आणि फिल्टरपासून पुढे लाइनमध्ये एअर आहे का ते तपासावे.

वायरिंगचे गणित सोपे आहे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतात. तो सगळा जुन्या स्विचमधून गेला की दिवे पिवळे पडतात आणि स्विच तापतो. रिले आणि फ्यूज बसवावेत, इंजिन, चासी आणि बॉडी यांच्यामध्ये जाड अर्थिंगच्या पट्ट्या टाकाव्यात. बल्ब न बदलताही उजेड वाढतो.

पत्र्याचे काम सर्वांत शेवटी काढावे, पण गंज मात्र सुरुवातीलाच शोधावा. विलीजच्या बॉडीत फ्लोअरखालच्या आडव्या चॅनेलांमध्ये लाकडी पट्ट्या भरलेल्या असत. त्या पाणी धरून ठेवत आणि पत्रा आतून खात. कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीचा फ्लोअर वरून रंगवलेला आणि खालून जाळी झालेला असू शकतो. असा पत्रा कापून नवा वेल्ड करावा. त्यावर नुसती पुट्टी लावणे ही पुढच्या मालकाची फसवणूक आहे.

मोठ्या टायरचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. २८ इंची टायर काढून ३१ इंची बसवला तर घेर जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या पुढे असते. ५.३८ चा अ‍ॅक्सल रेशो ४.८६ असल्यासारखा वागतो, म्हणजे चढावर ओढ कमी होते आणि ब्रेकवर भार वाढतो. लांब शॅकल लावून गाडी उंचावली तर कॅस्टर आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. ८० इंची आखूड व्हीलबेसवर हे जास्त त्रासदायक ठरते. बसलेले पाटे नीट करून घेणे आणि मूळ मापाच्या जवळचे खोल नक्षीचे टायर घेणे सह्याद्रीतल्या वाटांना पुरेसे असते. फ्री-व्हील हब मात्र जरूर बसवावेत. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या उद्योगाने युद्धातून उरलेल्या जीपांसाठी तसे हब आणले. रस्त्यावर चालताना त्यांच्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल उगाच फिरत नाही.

कायद्याची मर्यादा ओळखून काम करावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी, आणि चासी क्रमांकाच्या जागेवर ग्राइंडर कधीही चालवू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.