थोरांघरची धाकटी

मोठ्या बँकेत शंभर रुपयांचं खातं उघडलं, तरी पासबुकावर नाव त्याच बँकेचं असतं! इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीला हे १९५२ साली पुरतं उमगलं. तिची ६५० सीसीची थंडरबर्ड म्हणजे भरल्या खिशाचं काम. मग आली १४९ सीसीची टेरियर. नाव छोट्या कुत्र्याचं, पण टाकीवरची अक्षरं खानदानी! पोरांनी हिच्यावर हात बसवावा आणि ऐपत आली की थोरलीकडे वळावं, असा हिशोब. आम्ही बँकवाले तरी लहान मुलांची खाती उगाच का उघडतो?

पण लहान म्हणजे लेचीपेची, ही शंका कशी फिटायची? १९५३ साली कंपनीचे सर्वेसर्वा एडवर्ड टर्नर आणि दोन अधिकारी टेरियरवर बसून ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. गॅलनला शंभरावर मैल पडले! बडे साहेब स्वतः काउंटरवर बसल्याचं माझ्या वाचनातलं हे एकमेव उदाहरण.

२०२३ साली त्याच नावाची ३९८ सीसीची स्पीड ४०० आली, ती पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात घडून. नावापायी माणूस दुकानात शिरतो खरा. पण माझ्यासारखा चाळिशीतला कारकून धाकटीवरच बसून पाहतो. पाय जमिनीला टेकतात. गाडीवरचेही आणि पगारातलेही!