चिटणीस : एक तळटीप

* चिटणीस : मुळात हे आडनाव नव्हे, हुद्दा. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणीस, पोतनीस, पारसनीस हे याचेच भाऊबंद. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी सर्वश्रुत. त्यांच्या वंशातल्या मल्हार रामरावांनी पुढे बखर लिहिली. पण दरबार अनेक, तितके चिटणीसही. तेव्हा नुसत्या आडनावावरून नाते किंवा जात काढू नये. (पक्षाच्या ‘सरचिटणिसां’ना तर यातून वगळावेच.) नागपूरकर भोसल्यांकडील घराण्याने ‘चिटणवीस’ हे जुने रूप राखले. १९४१मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या अभिनेत्री लीला चिटणीस माहेरच्या नगरकर. उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरचित्रवाणी नेणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाशी (१९७५–७६) निगडित शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. — संपा.